लंकाबाईंनी दिलेली माफी

आमच्या सासूबाईंनी, लंकाबाईंनी, धर्माजी धनगराला माफ केलं ही गोष्ट पिंपळवंडीत ठाऊक नसलेला माणूस सापडायचा नाही. कारण त्यांनीच ती सगळ्यांना सांगितली होती.

झालं असं, की सासूबाईंनी आपली शेळी धर्माजीच्या मेंढरांबरोबर कोकणात चरायला दिली होती. कोकणातून परतल्यावर तो म्हणाला, बिबट्यानं नेली. आमच्या बिबट्यांच्या भागात यावर कुणी शंका घेत नाही. सासूबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. आणि महिन्याभरानं बेल्ह्याच्या बाजारात तीच शेळी समोर उभी! पोरगी आजारी पडली म्हणून विकली, असं धर्माजीनं मान खाली घालून कबूल केलं. सासूबाई तिथंच म्हणाल्या, "मी ख्रिस्ती बाई हाय. जा, माफ केलं."

एरवी ही बाई म्हणजे लोणी. कुणाचं बाळंतपण असो की दुखणं, या पहिल्या हजर. पण ही माफी काही त्यांच्या पोटात राहीना. गिरणीत, एसटीत, उपासनेनंतरच्या चहाला, "धर्माजीला मी माफ केलं बरं का!" ऐकणारा विचारणारच, कशाबद्दल? मग शेळी पुन्हा पहिल्यापासून. अशी बारा वर्षं. धर्माजी आमच्या दारावरून मान खाली घालून जायचा. मला त्याची कीव यायची, सासूबाईंचा रागही यायचा, पण बोलायची माझी छाती नव्हती.

गेल्या दसऱ्यानंतर धर्माजीच्या सुप्रियाला, त्याच आजारी पोरीला, बघायला येडगावचे पाहुणे आले. मुलाचा मामा चौकशीला थेट आमच्याकडे आला. लंकाबाई खोटं बोलत नाहीत, असं त्याला गावानं सांगितलं होतं.

"मावशी, धर्माजी माणूस कसा? इश्वासाचा हाय का?"

आता शेळी निघणार आणि लग्न मोडणार.

"धर्माजीला ना, मी..." सासूबाई सवयीनं बोलून गेल्या आणि थांबल्या. पलीकडं धर्माजीच्या अंगणात नवी साडी नेसलेली सुप्रिया आमच्या दाराकडे बघत उभी होती. सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा उतरला. आपण बारा वर्षं काय करत होतो, हे त्यांना तेव्हा कळलं असावं.

"माझी शेळी मी त्याच्याकडं संभाळाया दिली व्हती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आज बी देईन."

मामा समाधानानं चहा पिऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपली लाडकी पाट, तरणी शेळी, दाव्यासकट सोडली. मी म्हटलं, "आत्याबाई, कुठं?"

"देईन म्हणलंय ना? खोटं कसं बोलू?"

धर्माजीच्या हातात त्यांनी दावं दिलं. एवढा पोक्त माणूस ढसाढसा रडला.

"रडतूस काय? कोकणात नेशील तवा जप तिला," एवढंच म्हणून त्या माघारी आल्या.

हे मी तुम्हाला सांगते आहे. त्यांनी मात्र अजून कुणाला सांगितलेलं नाही.