रुमालाखालचा भाव

माझ्या लेकीच्या सासऱ्याइतका तोंड बंद ठेवून बडबड करणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात झाला नाही. झाला असं कोणी म्हणत असेल तर त्यानं तो माझ्यापुढे आणून उभा करावा. आमचे हे इवाई रिसोडच्या बाजारात कापसाचे दलाल. तेव्हा सौदा रुमालाखाली होई. देणाऱ्या-घेणाऱ्यानं रुमालाआड एकमेकांची बोटं दाबायची, भाव ठरायचा, शेजारच्याला पत्ता नाही. ही खोड इवायांना घरीही लागली. लग्नात वऱ्हाडी किती आणता, असं मी तोंडानं विचारलं, तर यांनी उपरणं पसरून माझी बोटं दाबली. मी कास्तकार माणूस, मला ती भाषा कुठली? मान हलवली, आणि अर्धं रिसोड जेवायला आलं.

मग मानमोडीचा ताप आला. घरोघरी माणसं पडली. मुंबईच्या जहाजांसाठी कापूस घेणारे खरेदीदार कोणाच्या हाताला हात लावीनात. अकोल्याच्या बाजारानं लगेच भाव मोठ्यानं पुकारायला सुरुवात केली आणि आमचं गिऱ्हाईक तिकडे वळलं. रिसोडात भरल्या गाड्या नुसत्या उभ्या. लोक इवायांवर चिडले, "तुमी बी पुकारा ना, काहून अडून राह्यले?"

"भाव का बोंबलून सांगाची गोष्ट आहे? अकोल्यावाले आयकतीन अन् वरचा भाव बोलतीन, मंग बसजा हात चोळत!"

पुढच्या बाजारी इवाई कापसाच्या पऱ्हाटीच्या लांब काड्या घेऊन बसले. एका बोटाची एक काडी. एक टोक यांच्याकडे, दुसरं खरेदीदाराकडे, वरून रुमाल. मोठ्या मिनतवारीनं एकजण बसला. इवायांनी जोरात रेटलेली काडी त्याच्या बरगडीला गुदगुल्या करून गेली आणि तो खदखदून हसला.

"हसला म्हंजे पटलं!" म्हणत इवायांनी गाड्या वाशीमच्या ठेसनाकडे हाकायलाच लावल्या. बिचारा "अहो, थांबा!" करत मागे धावला. पण वाटेत कापूस उघडून पाहिला, तो एक नंबरचा निघाला, आणि गुपचूप भाव मान्य केला. मग बाकीचेही आले, कारण अकोल्यात आपला भाव साऱ्यांना कळतो हे त्यांनाही बोचतच होतं. त्या साली रिसोडचा कापूस जहाजावर चढला तो इवायांमुळे. यावर वाद नको.

ताप गेला, पुकारायची रीत मात्र राहिली, आणि पुढे आमच्या बाजारातही आली. इवाई आता थकले. पुकारलेला भाव त्यांना ऐकूही येत नाही. बाजाराच्या दिवशी ओट्यावर गुडघ्यावर रुमाल टाकून बसतात. एव्हाना बोटांची भाषा मीही शिकलो आहे, तेव्हा गिऱ्हाईक होऊन हात खाली घालतो. बोटं वाळली आहेत, पण दाबून भाव चढवतातच. मी मानत नाही. कोणाचं मन राखायला भाव वाढवणारा माणूस मी नव्हे. सौदा काही जमत नाही. हातही आधी कोणी काढत नाही.