पाठीवरच्या लोंब्या

अड्याळच्या महिला मेळाव्यात दुपट्ट्यांची स्पर्धा होती. प्रत्येक बचत गटाने आपलं चिन्ह छापलेले दुपट्टे घालून यायचं आणि ऐटीत मिरवायचं. बक्षीस साधंच होतं, पण आम्हाला ते हवंच होतं. कारण सगळ्या भागात आमची ओळख एकच, भाताची रोपं लावणाऱ्या 'रोवणीवाल्या बाया'. गटाला स्वतःचं नाव आहे, हे बँकेतल्या साहेबालासुद्धा आठवायचं नाही. ते नाव यंदा भोंग्यावरून ऐकवते, असं मी चारचौघींत बोलून बसले होते.

चिन्ह मीच काढलं. बांगड्या घातलेली मूठ आणि तिच्यातून वर निघालेल्या धानाच्या लोंब्या. रांगोळीत माझा हात कुणी धरू शकत नाही, हे नम्रपणे सांगते. ते दुपट्ट्यावर नेमकं कुठे छापायचं, हे ठरवायला मी रोवणी चाललेल्या धानाच्या बांधीत गेले. सासूबाई आमच्या टोळीतल्या सर्वांत जुन्या. डोक्याला दुपट्टा बांधून, त्याचं टोक मागे कमरेत खोचून त्या वाकून रोवत होत्या. मी बांधीच्या कडेला, उंच धुऱ्यावर त्यांच्या समोर उभी राहिले, पाठीवर चिन्ह कसं झकास दिसेल ते पाहिलं, आणि चिखलात उतरून, त्यांना उठूही न देता, खडूने खूण केली. मूठ डोक्याकडे, लोंब्या कमरेकडे. तशीच छपाई झाली.

मेळाव्याच्या सकाळी मैदानावरच छापून आलेला गठ्ठा सोडला आणि बावीसजणींनी रोवणीत बांधतो तसेच दुपट्टे बांधले. स्वतःची पाठ कुणालाच दिसत नाही. शिवाय भोवती एकेकीचा थाट बघण्यातच आम्ही दंग! कुणी गळ्यात फुलासारखी गाठ मारलेली, कुणी एका खांद्यावरून तिरका सोडून कमरेला पिन लावलेली. एका गटाने तर स्कूटीवाल्या पोरींसारखा तोंडाला गुंडाळून चिन्ह बरोबर कपाळावर आणलेलं. तेवढ्यात मागून शेजारच्या गावची बाई हसली, "काहून वो, पाठीवर खराटे लटकवून आल्या का?"

मी सासूबाईंच्या पाठीकडे पाहिलं. मूठ वर, लोंब्या खाली. थेट खराटा! ज्यांना रोज वाकलेलंच पाहिलं, त्या बायका उभ्याही राहतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रडत रडत सासूबाईंना चूक सांगितली.

"रडून कायले राहिली?" त्या म्हणाल्या. "वाकल्यावर सरळ दिसते ना? मंग वाकू. आपल्याले ते येतेच."

आमची पाळी शेवटची होती. परीक्षक उंच मंचावर बसलेले. आम्ही खाली मैदानात, त्यांच्याकडे तोंड करून एका रांगेत उभ्या राहिलो आणि सासूबाईंच्या खुणेसरशी सगळ्या एकदम वाकलो. हात रोवल्यासारखे चालत होते, पाऊल एकेक मागे पडत होतं. बावीस पाठींवर बावीस मुठी, आणि लोंब्या ताठ वर. आधी मंचावरचे उठले, मग सगळा मंडप उठला. 'खराटे' म्हणणारी बाई सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती, हे मी वाकल्या वाकल्याही बघून घेतलं.

पहिला नंबर तिथल्या तिथे जाहीर झाला. आमच्या गटाचं नाव, पूर्ण, दोनदा, भोंग्यावरून! मी कंबर सरळ करायला गेले, तर शेजारी वाकलेल्या सासूबाईंनी माझा हात धरून खाली ओढला.

"उठू नोको वो. जनमभर वाकली मी, टाळ्या आजच वाजून राहिल्या. अजून थोडं ऐकू दे."