होळीपर्यंतचा कुत्रा

कापूस पिंजायचं मशीन सुरू करायच्या आधी हमीदाआपा वेताच्या काठीनं कापसाच्या ढिगावर दोनदा मारायची आणि विचारायची, "कोन शे रे मझार?" मझार म्हणजे आत. विचारून झालं की थांबायची, अगदी उत्तराची वाट पाहत असल्यासारखी. आतून कुणी बोललं नाही की मग बटण दाबायची. नवं गिऱ्हाईक असेल तर ते तेवढ्यात दोन पावलं मागे सरकलेलं असायचं. गादी भरणारी बाई कापसाशी बोलते हे पाहायची आमच्या तळोद्यात सगळ्यांनाच सवय नव्हती. मला होती. कारण तिची ही रीत माझ्याच घरच्या लग्नापासून सुरू झाली.

ते आधी सांगते. माझ्या मोठ्या मुलीच्या रुखवताच्या दोन गाद्या आपाकडे भरायला टाकल्या होत्या. आपाचं दुकान आणि घर एकच, जीपा लागतात त्याच्या पुढच्या गल्लीत, आणि माझं घर तिथून चौथं. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी गाद्या आल्या, मांडवात ठेवल्या, आणि माझी नणंद दमली होती म्हणून त्यातल्या एकीच्या कडेला बसली. बसली तशी उठली. म्हणाली, "वैनी, गादी वरडी ऱ्हायनी." नणंदेला ऊन लागलं असं सगळ्यांनी ठरवलं. तेवढ्यात गादी पुन्हा ओरडली. पाहुण्यांत दोन मतं पडली. एक म्हणे, हे काही बरं नाही, जाणत्याला बोलवा. दुसरं म्हणे, जेवणं उरकून घ्या, मग बघू. मी आपाला निरोप धाडला.

आपा आली, गुडघ्यावर बसली, गादीला कान लावला. मग शिवण उसवून कोपरापर्यंत हात आत घातला आणि मांजरीचं एक पिल्लू बाहेर काढलं. पांढरंशुभ्र होतं. झटकल्यावर काळं निघालं. त्याला तीन शिंका आल्या. आपाच्या चेहऱ्यावर काही नाही. मला म्हणाली, "वजन करानी टाइमले पावशेर जास्त लागनं व्हतं बहेन. मी म्हनं, कापूस जास्त भराई गया व्हई." कापूस जास्त भरला गेला असं समजून तिनं तेवढा काढून घेतला होता. म्हणजे पिल्लू निघालं तेव्हा माझ्या मुलीच्या गादीत पावशेर कापूस कमी. दुसऱ्या दिवशी वऱ्हाड यायच्या आत आपा ओच्यात पावशेर कापूस घेऊन हजर. गादी भरली, टाके घातले, आणि मगच जेवायला बसली. पिल्लू ती घेऊन गेली. नाव ठेवलं नवरी. मी म्हटलं, अगं नवरी माझी मुलगी आहे. तर म्हणाली, "तुनी आज जाई. मन्ही ऱ्हाई."

आणि राहिली. चौदा वर्षं राहिली.

मांजरींना तिचं दुकान म्हणजे बाळंतपणाची खोली. आमच्या भागातल्या कुठल्याही मांजरीचे दिवस भरले की ती आपाच्या कापसात येऊन बसायची. मग तो ढीग बंद. गिऱ्हाईक कितीही मोठं असो. एकदा एक शिक्षक आले, घाईत होते, म्हणाले, "आपा, माझी गादी कधी?" आपा म्हणाली, "आठ रोज थांबा गुरुजी. तुम्हनी गादीना डोया उघडना नहीत अजून." डोया म्हणजे डोळे. गुरुजी मुकाट्यानं गेले. चटईवर झोपले असतील आठ दिवस.

कुत्र्याचं मात्र तिचं वेगळं होतं. पाच वेळची नमाज पढणारी बाई. मांजर तिच्या जानमाजवर, म्हणजे नमाजेच्या सतरंजीवर, खुशाल झोपायची. आपा तिला उचलून बाजूला ठेवायची आणि उभी राहायची. कुत्र्याची लाळ लागली तर मात्र कपडे धुवावे लागतात. म्हणून मांजर घरात, कुत्रा गल्लीत, आणि मध्ये उंबरा. "अल्लानं दोन्ही बनायात," ती म्हणायची, "पन उंबरा बी त्यानंच बनाया."

असं सगळं नीट चाललं होतं, आणि मग दिवाळीनंतरच्या एका सकाळी रुमलीबाई तिच्या ओट्यावर येऊन बसली.

दिवाळी झाली की सातपुड्यातल्या पाड्यांवरची माणसं जीपा भरभरून खाली तळोद्याला येतात आणि इथून ट्रकनं गुजरातेत ऊसतोडीला जातात. रुमलीबाई त्यांच्यातली. नवरा, दोन लेकरं, भांड्यांचं बोचकं, एक कोंबडी आणि एक तांबडा कुत्रा. मुकादमानं सगळं बघितलं आणि निवाडा दिला की कोंबडी चालेल, कुत्रा चालणार नाही. रुमलीनं इकडंतिकडं पाहिलं, कुत्र्याची दोरी आपाच्या ओट्याच्या खांबाला बांधली आणि म्हणाली, "होळीला येतो आम्ही. तवर ऱ्हाऊ दे." आपाच्या तोंडात त्या वेळी दोरा होता, सुई ओवत होती. दोरा ओवून होईपर्यंत ट्रक गेला. नाही म्हणायला समोर कुणी उरलं नाही.

मी म्हटलं, "आता?"

"आते काय? अमानत शे. होळीलोंग संभाळनी पडी." अमानत म्हणजे विश्वासानं ठेवायला दिलेली दुसऱ्याची वस्तू. डोंगरातली माणसं कुठंही असोत, होळीला घरी येतातच, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. चार महिन्यांचा प्रश्न होता.

तिनं त्याला नाव ठेवलं नाही. "त्यानं नाव त्यानी मालकीननी ठेवेल व्हई. आपुन कसाले बदलानं?" तिच्यासाठी त्याचं नाव "ए". जनावरांच्या डॉक्टरकडे सुई द्यायला नेला तर तिथं विचारलं, कुत्र्याचं नाव काय, मालक कोण. आपा म्हणाली, "नाव माहीत नही. मालक गुजरातमा." डॉक्टर म्हणाले, काहीतरी लिहावं लागेल. शेवटी तिनंच सांगितलं, "अमानत लिखी ल्या." कागदावर तेच आहे.

खुंटीला एक जुनी चादर टांगलेली असायची. भाकरी घालताना आपा ती अंगावर गुंडाळायची, घालून झाली की काढून ठेवायची. ती कुत्र्याची चादर. नवरीनं पहिल्याच दिवशी त्याच्या नाकावर पंजा मारून उंबरा कुठं आहे ते दाखवून दिलं होतं. त्यानं तो पुन्हा कधी विचारला नाही. उंबऱ्याच्या बाहेर नाक ठेवून तो झोपायचा आणि आत नवरी त्याच्या नाकासमोर शेपूट हलवत बसायची. कुणी विचारलं, "आपा, कुत्रा पाळला का?" की उत्तर ठरलेलं, "मन्हा नही. होळीलोंग शे."

होळी आली. आपानं त्याला साबणानं धुतलं, दोरी नवी वळली आणि सकाळपासून ओट्यावर बसली. कुणी आलं नाही. संध्याकाळी म्हणाली, "व्हई काही काम." दुसरी होळी आली. पुन्हा साबण, पुन्हा दोरी. कुणी आलं नाही. तोपर्यंत तो माझ्याही कामाला लागला होता. मी उन्हाळ्याच्या तोंडावर ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, करून विकते. दुकानामागच्या अंगणात खाटांवर ते वाळत घालायचे आणि खाली हा बसायचा. कावळ्याची काय हिंमत! मी मनातून त्याला आपला धरून टाकला होता, हे खरं सांगते.

तिसऱ्या होळीच्या आधीच्या बाजाराला रुमलीबाई आली. पाणी प्यायला आली, एकटीच. मी आपाजवळ बसले होते आणि कुत्रा मागे बिबड्यांवर. रुमली ओट्यावर टेकली. पहिल्या होळीला मुकादमानं सोडलंच नाही म्हणाली. पुढं जाणंयेणं दुसऱ्याच वाटेनं परस्पर झालं म्हणाली. कुत्र्याचं तिनं नावसुद्धा काढलं नाही. मेला असेल, कशाला विचारायचं, असं तिला वाटलं असावं.

मी आपाचा पदर ओढला. कानाशी म्हटलं, "तिनी इचारं नही. तू बी बोलू नको."

आपानं माझ्याकडे पाहिलं. ती कधी सुई खाली ठेवत नसे; कापसात सुई हरवली की गादीत जाते आणि गादीतून माणसात जाते. त्या दिवशी तिनं सुई खाली ठेवली. आणि रुमलीला म्हणाली, "पानी पी. आन तुना कुत्रा मांगे शे, बिबडा राखी ऱ्हायना. लई जाय."

रुमलीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मग तिनं हाक मारली, "भुऱ्या!" म्हणजे त्याचं नाव भुऱ्या होतं. तो माझ्या बिबड्यांवरून आला. खाली वाट मोकळी होती, तरी वरून आला. मागच्या दारानं आत घुसला, दुकानातून, कापसातून, जानमाजच्या कडेवरून पुढच्या दारानं बाहेर. सव्वादोन वर्षांत पहिल्यांदा त्यानं उंबरा ओलांडला, तोही दोनदा. रुमलीच्या पायात लोळला, आणि तिच्याबरोबर जीपकडे निघून गेला. मागे वळून पाहिलं नाही. कुत्र्यांनी वळून बघायचं असतं हे माणसांचं म्हणणं.

"फरशी धुवनी पडी," आपा म्हणाली.

फरशी धुवायला तिला त्या दिवशी फार वेळ लागला. मी बादली घ्यायला गेले तर म्हणाली, "तू नको. तू तुना बिबडा दख." त्यानंतर आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी दारात आली आणि म्हणाली, "बहेन, तू बिबडा चांगला करस. सल्ला देत जाऊ नको." मग आम्ही चहा प्यायलो.

पुढे महिनाभर ती रोज चादर गुंडाळायची आणि चतकोर भाकरी ओट्यावर ठेवायची. शेळ्या खायच्या. मी काही बोलले नाही, मला सल्ला द्यायला बंदी होती. पण ती आपणहूनच म्हणाली, "हातले सवय शे. म्हतारा हात, त्याले समजाडाले येळ लागस."

दिवाळी झाली. जीपा आल्या. आणि रुमलीबाई आली, दोरीला भुऱ्या. खांबाला दोरी बांधत म्हणाली, "होळीला येतो." आपाच्या तोंडात दोरा नव्हता. तरी ती नाही म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "येजो बरं. मी वाट दखस." आत जाऊन चादर काढली.

तेव्हापासून तो ऊसतोडीचा हंगाम इथं काढायचा आणि बाकीचं वर्ष डोंगरात. रुमलीनं मग एकही होळी चुकवली नाही. आपाचा मुलगा सुरतेत. दर वर्षी यायचा, म्हणायचा, "अम्मी, सुरत चलो." हिवाळ्यात म्हणाला तर आपाचं उत्तर, "होळीना बाद दखसू." उन्हाळ्यात म्हणाला तर, "दिवाळीले तो येनार शे, मी कशी जाऊ?" मुलाला बरीच वर्षं वाटत होतं कुणी पाहुणा आहे.

नवरी एका हिवाळ्यात गेली, म्हातारी होऊन, झोपेतच. भुऱ्या उंबऱ्याबाहेर नाक ठेवून होता आणि समोरची शेपूट हलत नव्हती. आपानं ओंजळभर कापूस मशीनमध्ये न घालता हातानं पिंजला, त्यात तिला गुंडाळली आणि मागच्या लिंबाखाली पुरली. "कापूसमा उनी, कापूसमा गयी," म्हणाली. दुसऱ्या दिवशी ढिगावर काठी मारून तिनं विचारलं, "कोन शे रे मझार?" आणि थांबली. बटण दाबायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला.

आपा मागच्या पावसाळ्यात गेली. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी नाही. मुलगा आला, सगळं रीतीनं केलं, मशीन सुरतेला नेलं. कुलूप लावताना मला म्हणाला, "मौसी, अम्मीची काही वस्तू ठेवायची असेल तर घ्या." मी खुंटीवरची चादर घेतली. त्यानं एवढी फाटकी चादर कशाला म्हणून विचारलं नाही. चांगला मुलगा आहे.

दिवाळीनंतर जीपा आल्या. मी दारातच बसले होते, दुसरं काय करणार. रुमलीबाई आली, कुलूप पाहिलं, ओट्यावर बसली. मी जाऊन सांगितलं. ती तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली, मला कळलं नाही. मग तिनं ओट्याच्या पायरीला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. भुऱ्या उंबऱ्याला नाक टेकून बसला होता. बंद दाराखालून वास घेत होता. ट्रकचा भोंगा वाजला. रुमलीनं खांबाकडे पाहिलं, कुलपाकडे पाहिलं आणि दोरी हातात धरून नुसती उभी राहिली. खांबाला बांधायची, तर आत कुणी नव्हतं.

माझ्या तोंडात दोरा नव्हता. नाही म्हणता आलं असतं. मी जन्मात कुत्रा पाळलेला नाही. पण मी हात पुढे केला आणि तिनं दोरी माझ्या हातात दिली. "होळीला येतो," म्हणाली.

हिवाळाभर तो रोज सकाळी कुलपाच्या दाराशी जाऊन बसायचा आणि भाकरीच्या वेळेला माझ्याकडे यायचा. आता म्हातारा झालाय, एका पायानं लंगडतो. गल्लीतली माणसं विचारायची, "काय मावशी, कुत्रा पाळला?" मी सांगायची, माझा नाही. चादर अंगावर गुंडाळूनच सांगायची. मला खरं तर तिची गरज नाही.

परवा होळीच्या आधीचा बाजार होता. मी माझ्या ओट्यावर होते, भुऱ्या मागच्या अंगणात बिबड्यांच्या राखणीला. जीपांकडून रुमलीबाई येताना दिसली. अजून लांब होती. तेवढ्यात माझ्या मनात एक गोष्ट आली. कोणती, ते सांगत नाही. एकदा सांगून झाली आहे.

मी उठले. मागे गेले. आधी बिबडे उचलून घेतले, मग भुऱ्यासाठी अंगणाचं दार उघडलं.