ओल्या बोटाचा दावा

कोरियातल्या सुवॉन शहरात एका फोन कंपनीत ह्ये-सुकताई आणि मी शेजारी बसायचो. फोनच्या पडद्यावर पाणी पडलं की तो वेड्यासारखा वागायचा. थेंब आणि ओलं बोट त्याला सारखंच. हा दोष ताईने घालवला. त्यापायी वर्षभर ती घरी धड जेवली नाही. कंपनीने पेटंट घेतलं, त्यावर शोधक म्हणून तिचं एकटीचं नाव लागलं, आणि तिच्या आईने ते अख्ख्या इमारतीत सांगितलं.

पुढे प्रतिस्पर्धी कंपनीचा फोनही ओलं बोट ओळखू लागला. आमच्या कंपनीने दावा ठोकला. ताईने त्यांचा फोन उघडून पाहिला होता. आतली मांडणी तिचीच होती, आणि ती चांगलीच चिडली होती. तरीही वकिलाने साक्षीच्या तयारीला बोलावलं तेव्हा तिने सांगून टाकलं की मूळ कल्पना तिची नव्हे. बुसानला एका परिषदेनंतर ती दॉक-सूबरोबर मासळी बाजारात गेली होती. दॉक-सू तिचा कॉलेजातला मित्र, नोकरीला त्याच प्रतिस्पर्धी कंपनीत. ओल्या हाताने फोन चालेना म्हणून ती वैतागली, तेव्हा तो सहज म्हणाला होता, "थेंब निपचित पडून असतो गं, बोट जरासं तरी थरथरतं. ते थरथरणं पकड की."

वकील अदबीने बोलला. बाजारातल्या गप्पा कोण मोजतो, कुणी विचारलंच तर आठवत नाही म्हणा, असं त्याने सुचवलं.

"पण मला आठवतंय," ताई म्हणाली.

मग विभागप्रमुखांनी मला मध्ये घातलं. मी तिला समजावलं, कष्ट तुझेच आहेत, एका वाक्यापायी सगळ्यावर पाणी कशाला सोडतेस?

"त्यांनी माझं उचललं म्हणून आपण कोर्टात जातोय ना?" ती म्हणाली. "मग मी त्याचं कसं गिळू?"

साक्षीत तिने दोन्ही सांगितलं. बीज दॉक-सूचं, मांडणी तिची, आणि ती त्यांनी उचलली. हे कुणाच्याच सोयीचं नव्हतं. तिच्या एकटीच्या नावावरचं आमचं पेटंट डळमळलं, त्यांची उचलेगिरीही उघडी पडली. थोड्याच दिवसांत दोन्ही कंपन्यांनी समझोता केला, एकमेकांची पेटंटं खुशाल वापरायची. दोन अध्यक्षांचे हातात हात घेतलेले फोटो छापून आले. ताईची बदली दूर गुमी शहरातल्या कारखान्यात, तपासणी विभागात झाली. बाहेरच्या माणसाशी कामाचं बोलल्याचा ठपका ठेवून दॉक-सूची बढती त्याच्या कंपनीने अडवली.

मी गुमीला तिचं सामान लावून द्यायला गेले होते, तेव्हा त्याचा फोन आला. तिचे हात गुंतलेले, म्हणून तिने स्पीकर लावला, आणि बोलणं मलाही ऐकू येत होतं.

"माझं नाव घ्यायची काय गरज होती?"

"कल्पना तुझी होती."

"मी कधी परत मागितली होती का?"

ताईने हातातलं खोकं खाली ठेवलं. मग म्हणाली, "तुला आधी विचारायला हवं होतं. पण तू नको म्हणाला असतास, तरी मी तेच बोलले असते."

"माहीत आहे. त्याचाच तर राग येतो."

"मग इकडे येऊन रागव."

शनिवारी तो खरंच बसने गेला. नदीकाठच्या बाकावर दोघं दुपारभर भांडले, असं ताईने नंतर सांगितलं. त्याने त्याच्या कंपनीची बाजू घेतली, तिने आमची. समझोता काही झाला नाही. तरी बस सुटेपर्यंत ती थांब्यावर उभी होती.