मोळी पडण्याआधी

जिथं एकही माणूस मुक्कामाला राहत नाही, अशा ठिकाणाला तुम्ही शहर म्हणाल का? उत्तराची घाई करू नका. मी घाईघाईनं ‘नाही’ म्हणाले होते. समोरच्या माणसानं अंगठा तर्जनीवर घासत, मान तिरकी करून माझ्याकडं पाहिलं आणि म्हटलं, “दाणा धरू द्या, पत्रकबाई. मग बोला.”

ते साखर कारखान्यात पॅनमन होते. उसाचा रस आटून पाक झाला की त्यात साखरेचा दाणा कधी धरतो, ते चिमटीत घासून पाहायचं, हे त्यांचं काम. सवय अशी जडली होती, की मंडईत वांगी निवडतानाही त्यांची बोटं घासली जात. दौंडच्या आमच्या गल्लीत सगळे त्यांना चाचा म्हणत. कारखान्याचं नाव सांगत नाही. भीमेकाठचा एक, एवढं पुरे.

पत्रकबाई म्हणजे मी. आमचा पायानं चालवायचा ट्रेडल छापखाना होता. पत्रकांच्या घड्या घालतच मी वाढले आणि कॉलेज सुटेस्तोवर स्वतः चळवळीची पत्रकं लिहू लागले. वडील लग्नपत्रिकांवर घर चालवत आणि माझी पत्रकं फुकट छापत. शाई वाळायच्या आत चाचा पहिली प्रत मागायला येत. गल्लीत निदान एक माणूस तरी जागा झाला, असं मला वाटे.

त्या वर्षी चाचांच्या लेकीचं, सलमाचं लग्न ठरलं. रमजान ईद झाली की निकाह, आणि मग औरंगाबादला सासरी. सलमानं दहावीत असताना टीव्हीवर एक शहर पाहिलं होतं. हैदराबादजवळ कुठंतरी, नुसतं करमणुकीसाठी उभारलेलं. महाल, कारंजी, परदेशातले रस्ते, सगळं एका कुंपणात. “पास हो, नेतो,” चाचा म्हणाले होते. ती पास झाली, बारावी झाली, बी.ए.ला आली, पण जाणं काही होईना. उन्हाळ्याच्या सुट्टीत हंगाम संपून पगार थांबलेला; हातात पैसा यायचा तो दिवाळीच्या बोनसचा, आणि कॉलेजला सुट्टीही तेव्हाच. हंगामी माणसाला दिवाळीच्या तोंडावर रजा नसते, कारण कारखाना तेव्हाच सुरू होतो. त्यात अलीकडं रोजेही सरकत सरकत दिवाळीपाशी आले होते.

“रोजे सरकत्यात, दिवाळी सरकती, हंगाम तर कुनाला सांगून येतच न्हाई,” चाचा म्हणायचे. “आपुनच तेवढं एका जागी बसल्यालो.”

यंदा मात्र रोजे लागायच्या आत जायचंच, असं त्यांनी ठरवलं. पुढच्या दिवाळीला सलमा पाहुणी म्हणून येणार. “मग तिला कुठं न्यायचं तर जावयाला इचारून. यंदा ती माझी हाय.”

चाचांच्या ओट्यावर रोज संध्याकाळी बेत शिजू लागला. गल्लीतल्या ज्याला त्याला त्या शहराची माहिती होती आणि दोघांची माहिती कधी जुळत नव्हती. कुणी सांगे, आत बर्फ पडतो, स्वेटर न्या. कुणी सांगे, परदेशातले रस्ते आहेत म्हणजे पासपोर्ट लागत असणार. चाचींना एकच काळजी. “वहाँ पीने का पानी तो मिलेगा ना? नहीं तो मैं यहीं से कळशी भरके लेती.”

“राहायचं कुठं?” मी विचारलं.

“तिथं ऱ्हाऊ देत न्हाईत म्हनं. सांजच्याला समद्यास्नी भाईर काढत्यात.”

यावरूनच तो शहराचा प्रश्न निघाला आणि मी पेटले. पुठ्ठ्याचे महाल दाखवून कष्टकऱ्याला त्याच्या झोपडीचा विसर पाडायचा, ही लबाडी आहे, असं मी ओट्यावरच सुनावलं. चाचांनी सगळं ऐकून घेतलं.

“कारखान्याच्या पयल्या मोळीला फेटा बांधून फोटू काढत्यात, ते खरं असतं व्हय?” ते म्हणाले. “तरी बगाय जातोच की आपुन.”

मोळीचं सांगायला हवं. दसऱ्याच्या सुमाराला कारखान्याचा बॉयलर पेटतो. पण हंगाम खरा सुरू होतो तो उसाची पहिली मोळी गव्हाणीत, म्हणजे ऊस गाळायला नेणाऱ्या पट्ट्यावर, पडते तेव्हा. बॉयलर पेटून गेला होता. मोळी कधी, ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण ऊसदरासाठी आमचं शेतकऱ्यांचं आंदोलन चालू होतं. भाव जाहीर झाल्याशिवाय उसाचं एक कांडंही तुटणार नाही, असं मी पत्रकात ठणकावलं होतं. चाचा रोज विचारत, “मग? कितपत चालंल?” मी तासभर बोलायची. ते डोळे मिटून मान डोलवायचे. एकदा मध्येच डोळे उघडून म्हणाले, “म्हंजी दिवाळीतले चार दिवस मोकळे धराय हरकत न्हाई.”

माझी पत्रकं ते रजेसाठी वाचत होते! चिडावं तर त्यांचा चेहरा इतका खुशीत, की हसू येत होतं.

पण चाचा नुसत्या पत्रकावर विसंबणारे नव्हते. हंगामाची त्यांची खूण वेगळी होती. नगर-बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या ट्रकांत बसून शिरूरवरून, न्हावऱ्याच्या रस्त्यानं खाली येतात. भांडीकुंडी, पोरंबाळं, कोंबड्या, शेळ्या, सगळा संसार ट्रकात. टोळ्या दिसल्या की आठवड्यात मोळी. “टोळी न्हाई तर मोळी न्हाई,” हा त्यांचा सिद्धांत आणि तो कधी चुकला नव्हता. आम्ही नेमका तोच रस्ता अडवून बसलो होतो. रोज संध्याकाळी मी शिरूरहून एसटीनं परत आले की चाचा विचारत, “ट्रक?”

“एकही नाही!”

“एक बी न्हाई?”

“एकही नाही, चाचा. घाबरलेत.”

मला तो विजय वाटत होता आणि त्यांना रजा. त्याच आनंदात त्यांनी तिकिटं काढली.

सुटायच्या दिवशी मी स्टेशनवर पोचवायला गेले. चाचांनी शेरवानीखालचा, ठेवणीतला पायजमा घातला होता. चाचींनी खरंच कळशी आणली होती. गाडी यायची होती. इतक्यात कारखान्याच्या टाइम ऑफिसचा शिपाई धापा टाकत जिना उतरला.

“चाचा! उद्या मोळी! दुसरा पॅनमन सासुरवाडीला गेलाय. केमिस्ट सायबांनी तुमाला आत्ताच्या आत्ता बोलावलंय.”

“आरं, पन टोळ्या कुठं हायत? रस्त्याला तर एक बी ट्रक न्हाई!”

“इकडं आंदोलन म्हनून करमाळ्याकडनं आणल्या, भिगवनवरनं. फडात त्यांच्या झोपड्या, कोप्या उभ्या ऱ्हायल्या बी.”

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, हिशेब कुठं चुकला ते शोधल्यासारखं. “पत्रकबाई,” ते हळू म्हणाले, “तुमी रस्ता अडवला, आन् म्या तोच रस्ता बघत बसलो.”

हंगामी माणूस पहिल्या पाळीला हजर झाला नाही तर जागा दुसऱ्याची. लग्न तोंडावर आलेलं. त्यात ठरवण्यासारखं काही नव्हतं. चाची म्हणाल्या, “चलो, घर चलो.” डब्याच्या फडक्याची गाठ सोडायची आणि पुन्हा बांधायची, एवढंच सलमाचं चाललं होतं. ती गाठ चाचांनी पाहिली आणि आपलं तिकीट माझ्या हातात ठेवलं.

“तुमी जा.”

“मी? चाचा, मी त्या ठिकाणाला—”

“शिव्या द्यायच्या तर बगून द्या की. घरी म्या सांगतो.”

गाडी आली. खांद्याला झोळी, झोळीत उरलेली पत्रकं, अशी मी चढले. साध्या डब्यात जागा नव्हती. आम्ही तिघी माझी पत्रकं अंथरून त्यांच्यावर बसलो.

ते शहर कसं होतं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. महालाला पुढून नक्षी होती, मागून बांबू आणि गोणपाट. मी सलमाला हात धरून मागं नेलं. “बघ!”

“माहितीय गं,” ती म्हणाली. “पण आपण पुढून बघायला आलोय ना?” आणि ती पुढं गेली. मी बांबूंपाशी एकटीच. जिंकले की हरले, कळेना.

दुपारी एका कमानीआड राजाच्या वेशातला एक माणूस बशीत चहा ओतून पिताना दिसला. मुकुट मांडीवर, दाढी गळ्यात लोंबलेली. आम्हाला पाहून तो दचकला, त्याच बशीनं मुजरा केला आणि अर्धा चहा अंगरख्यावर सांडला. सलमा हसायला लागली. इतकी की पोट धरून खाली बसली. चाची तिला दटावता दटावता स्वतःच हसू लागल्या. संध्याकाळी फाटकाबाहेर पाहिलं, तर तो राजा विटक्या शर्टात, झाडूवाल्या बायांबरोबर बसच्या रांगेत उभा होता.

आम्ही परत आलो, तेव्हा चाचा पाळीवरून आले होते. अंगाला मळीचा वास, डोळे लाल. मी बांबू सांगितले, गोणपाट सांगितलं, बसची रांग सांगितली. ते म्हणाले, “ते समदं लिवा तुमच्या पत्रकात. सलमा हसली का?”

“हसली.”

“कवा? कशाला?”

मी बशीचा मुजरा सांगितला. चाचा हसले नाहीत. “परत सांगा,” म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पुढं ओट्यावर नवीन माणूस आलं की, “आवं पत्रकबाई, त्यो राजा सांगा.” मग गालाला हात लावून असे ऐकत, जसं काही पुढं काय होणार ते त्यांना माहीतच नाही. त्या शहराविरुद्धचं पत्रक मी चार वेळा लिहायला बसले. दर वेळी तो बशीवाला मध्ये येई आणि पत्रक शोषणाकडून भलतीकडंच जाई.

पुढं चाचा निवृत्त झाले. मी म्हटलं, “चाचा, आता जा. आता कुठला हंगाम?”

“माझा सुटला, तर तिचा लागला,” ते म्हणाले. जावयाचं कपड्याचं दुकान. दिवाळी आणि ईद म्हणजे त्यांची कमाईचीच वेळ. दोन पोरं. सलमाला दिवाळीत श्वास घ्यायला फुरसत नव्हती. “आन् तिच्याबिगर म्या तिथं जाऊन काय करू? कारंजी मोजू?”

चाचा गेले ते भर हंगामात. मातीला सलमा वेळेवर पोचली, चार दिवस राहिली. निघताना माझ्याकडं येऊन म्हणाली, “त्या राजाचं अब्बांना तू कसं सांगायचीस, तसं सांग ना.” मी सुरुवात केली. पुढं सांगता आलं नाही.

ते शहर खरं की खोटं, माझा अजून निकाल लागलेला नाही. माझ्या सगळ्या पत्रकांच्या शेवटी मागणी असते. इथं ती सरकारकडं नाही, तुमच्याकडं आहे. तुमच्या कारखान्यात, दुकानात, कचेरीत कुणी दिवाळीच्या तोंडावर लेकीला कुठंतरी न्यायचं म्हणून चार दिवस मागितले, तर कुठं जाणार, ते पाहण्यासारखं आहे का, हे विचारत बसू नका. त्याची पाळी तुम्ही करा, आणि त्याला गाडीत बसवून द्या.