काकूंचा डावा पंख

ग्रॅमकाका हातात आलेली कुठलीही वस्तू आधी तोलायचे आणि मग बघायचे. कोथिंबिरीची जुडी असो, लग्नाची पत्रिका असो, नाहीतर शेजारणीचं तान्हं बाळ असो. तळहातावर घ्यायचं, डोळे मिटायचे, मान किंचित कलती करायची आणि वजन सांगायचं. आमच्या पहिल्या भेटीत त्यांनी जिन्यात माझ्या हातातली भाजीची पिशवी मागून घेतली. मला वाटलं, गृहस्थ मदत करतायत. त्यांनी ती तोलली, "वांगी कमी दिलीत हो तुम्हाला," असं सांगितलं, पिशवी माझ्या हातात परत दिली आणि वर निघून गेले. कात्रपच्या आमच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे, ती बंद असते. दुसऱ्या मजल्यापर्यंत मी त्या माणसाच्या पाठीकडे रागाने बघत चढले. घरी येऊन वांगी काट्यावर ठेवली तर खरंच कमी भरली. मग तर जास्तच राग आला.

त्यांचं खरं नाव भास्कर गायकवाड. अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त माणसं देवळात जातात, शेअर घेतात, सोसायटीत भांडतात. काका विमानं करायचे. खरीखुरी उडणारी, हाताने फेकायची, नाहीतर रबराला पीळ देऊन सोडायची. त्यांना कोणी खेळणं म्हटलं की खलास. "खेळणं पडलं की पोर रडतं. हे पडलं की मी रडतो. फरक कळला?" असं विचारायचे आणि समोरच्याला कळेपर्यंत सोडायचे नाहीत. एकदा त्यांच्या गॅलरीतून लाकडाचा भुसा खाली माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर आला म्हणून मी तावातावाने वर भांडायला गेले. काकूंनी चहा दिला, काकांनी पॉलिशपेपर दिला आणि संध्याकाळी मी दुप्पट भुसा अंगावर घेऊन खाली आले. तेव्हापासून माझे रविवार त्या घरी गेले.

ते लाकूड म्हणजे बाल्सा. दूर दक्षिण अमेरिकेतलं झाड. त्याच्या पातळ फळ्या आपल्याकडे बाहेरून येतात. हातात घेतली तर फळी घेतलीय की नुसता हात पुढे केलाय ते कळत नाही. नखाने दाबली तर खळगा पडतो, आणि तरी पंखात बसली की वारा पेलते. काका या लाकडाबद्दल बोलताना आवाज खाली आणायचे. "देवानं हे लाकूड विमान डोक्यात ठेवूनच केलं असणार," असं एकदा म्हणाले आणि लगेच सावरून घेतलं, "म्हणजे, मी देव मानत नाही, पण असता तर."

काकांचा एक नियम होता. नवीन लाकूड आलं की सगळ्या फळ्या चादरीवर मांडायच्या. एकेक तळहातावर तोलायची आणि सारख्या वजनाच्या जोड्या लावायच्या. जोडीतली एक डाव्या पंखाला, एक उजव्याला. एकाच झाडाच्या दोन फळ्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, म्हणून हा उपद्व्याप. डावं-उजवं केलं की विमान चहाडी करतं, असं ते म्हणत. मी एकदा घाईत जोडी न बघता फळी कापली, तर त्या रविवारी ते माझ्याशी फक्त काकूंमार्फत बोलले. "तिला सांग, चहा थंड होतोय." मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसले होते.

काकू तशा फटकळ. "यांनी जन्मभर कारखान्यात चुका शोधल्या, आता घरी शोधतात," हे त्यांचं पालुपद. पण विमानाची अर्धी करामत त्यांची. पंखाच्या फासळ्या कापाव्यात तर काकूंनी. पंखाला पातळ कागद चढवावा तर तोही काकूंनीच. खळ अगदी पाण्यासारखी करायच्या, कागद ढिलाच चिकटवायच्या, मग इस्त्रीच्या कपड्यांवर शिंपडतात तसं बोटांनी पाणी शिंपडायच्या. वाळता वाळता कागद असा ताणून बसायचा की टिचकी मारली तर टण् वाजायचा. काका ती टिचकी मारायचे आणि काही बोलायचे नाहीत. काकू म्हणायच्या, "चूक सापडली नाही म्हणून तोंड पडलंय बघ."

मग काकूंना कॅन्सर निघाला. औषधांनी केस गेले, चव गेली आणि काकूंना सगळ्यात जास्त लागलं ते हे की बोटांतला जोर गेला. त्याच सुमाराला काकांनी एक मोठं ग्लायडर करायला घेतलं. इंजिन नाही, रबर नाही, नुसतं वाऱ्यावर तरंगणारं. "डावा पंख तू, उजवा मी," असं त्यांनी काकूंना सांगितलं. लाकडाची नवी खेप आली. काकू आत झोपल्या होत्या. काकांनी चादर पसरली, फळ्या तोलल्या, आणि मी बघत होते, जेवढ्या म्हणून मऊ आणि हलक्या होत्या तेवढ्या सगळ्या एका बाजूला काढल्या.

"काका, जोड्या?" मी विचारलं.

"तिच्या हाताला मऊ लागतं. माझ्या पंखाला पुढच्या खेपेत येईल की."

पंख कापताना काकू खूश होत्या. "आज लाकूड कसं लोण्यासारखं कापतंय हो," म्हणाल्या. काका मान वर न करता म्हणाले, "ब्लेड नवीन आहे." जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधलेल्या माणसाने ही एक चूक उघड्या डोळ्यांनी केली. काकूंनी पंख पुरा केला, कागद चढवला, पाणी शिंपडलं. त्यानंतर महिन्याभरात त्या गेल्या.

पुढची खेप आलीच नाही. आम्ही लाकूड आणायचो ते उल्हासनगरहून, कॅम्प नंबर दोनमधल्या लच्छूशेठकडून. पतंग, मांजा, शाळेच्या प्रोजेक्टचं सामान आणि मागच्या फळीवर आमच्यासारख्या चार वेड्यांसाठी बाल्सा आणि विमानांचे किट, असं त्याचं दुकान. काका दुकानात गेले की तो हात जोडायचा. "साईं, पीछे से ही माल नहीं है. बाहेर सगळा माल पवनचक्कीवाले उचलतायत. पात्याच्या आत भरतात म्हणे." काका घरी येऊन म्हणाले, "लाकूड शेवटी पंखातच जातंय. फक्त तो पंख जागचा हलत नाही." ते हसले नाहीत, त्यामुळे मीही हसले नाही. काही दिवसांनी किटचे डबेही संपले. आले ते फोमचे. सगळं आधीच जोडलेलं, फक्त डबा उघडा आणि उडवा.

लच्छूशेठ मनाने चांगला. त्याने कुठूनतरी पांढरं, मऊ दिसणारं लाकूड पैदा केलं. "काका, सेम टू सेम." काकांनी तळहातावर घेतलं, डोळे मिटले आणि लगेच उघडले. "शेठ, हा पाट आहे. यावर बसून जेवता येईल." लच्छूशेठ स्वतःच हसला. "काय करू, काका? उल्हासनगर में सब बनता है, बस ये झाड़ नहीं बनता."

माळावर विमानं सोडणारी बाकीची मंडळी एकेक करून फोमकडे गेली. त्यात काही वाईट नव्हतं, मीही गेले असते. काकांनीही एक फोमचा पंख तोलून बघितला. खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणाले, "वजन जुळेल. पण वारा आला की हिचा पंख एक बोलणार आणि हा दुसरंच. ही दोन भाषांची माणसं आहेत." आणि पंख परत डब्यात ठेवला. त्यांच्या पलंगाच्या वर खिळ्याला काकूंचा डावा पंख टांगलेला होता. रोज सकाळी ते त्याला टिचकी मारायचे. मला खाली ऐकू यायची नाही, पण ते मारायचे हे मला माहीत होतं.

त्यांना विमान काही प्रदर्शनात मांडायचं नव्हतं. काकूंचा पंख एकदा हवेत बघायचा होता, बस्स. आणि दोन गोष्टी घाई करत होत्या. पालेगावच्या ज्या माळावर आम्ही विमानं सोडायचो तिथे बांधकामासाठी पत्रे ठोकायला सुरुवात झाली होती. आणि काकांचा उजवा हात थरथरायला लागला होता. चहाचा कप बशीत ठेवताना आवाज व्हायचा. ते म्हणायचे, बशीच खराब आहे.

कोणीतरी सांगितलं, पांगाऱ्याचं लाकूड हलकं असतं. जांभूळ गावात रस्त्याच्या कामात एक पांगारा पडला होता. आम्ही रिक्षा करून गेलो. ज्याच्या दारात ओंडका पडला होता तो म्हातारा आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. "ह्या लाकराला चूल पन इचारीत नाय, न तुमी त्याचा इमान करताव?" काकांनी ओंडक्यावर हात ठेवला. "करून बघतो, दादा." म्हातारा ओंडका रिक्षेत चढवायला उठला.

तो पंख करायला काकांनी कितीतरी महिने घेतले. फळ्या चिरून आणल्या, वाळवल्या, घासून घासून आरपार दिसेल इतक्या पातळ केल्या. प्रत्येक फासळीला भोकं पाडली. हात थरथरायचा, फासळी मोडायची, दुसरी करायचे. कागद मी चढवला. काकूंसारखा बसला नाही. दोन ठिकाणी सुरकुती राहिली. शेवटी काकांनी एका तळहातावर डावा पंख घेतला, एकावर उजवा. डोळे मिटले. आणि मान हळूहळू उजवीकडे कलली.

जड होता. किती घासला तरी जड होता.

या रोगावर औषध सोपं आहे. विमान करणारा कोणीही सांगेल. हलक्या पंखाच्या टोकाला थोडी माती लावायची, की झालं. मी तेच सांगितलं. काका म्हणाले, "तिच्या पंखाला ओझं बांधू?" मी म्हटलं, "काका, चिमूटभर माती हो." ते म्हणाले, "तुझं बरोबर आहे," आणि मला गावाकडच्या पावसाची चौकशी करायला लागले. मला गाव नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी चिडून खाली आले. तुझं बरोबर आहे म्हणायचं आणि ऐकायचं नाही, म्हणजे काय!

मग एके दिवशी त्यांनीच फोन केला. "रविवारी पालेगावला जाऊ. लच्छूशेठलाही बोलावलंय." माळ आता माळ राहिला नव्हता. तीन बाजूंना पत्रे, चौथीकडे बांधकामाचे पाइप. मधे एक पट्टा कसाबसा मोकळा. काकांनी विमान जोडलं आणि खिशातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला मातीचा गोळा काढला. मला इतकं बरं वाटलं की मी लच्छूशेठकडे बघून हसले. त्यांनी गोळा मळला, काकूंच्या पंखाच्या टोकाला लावला, अंगठ्याने दाबला. मागे होऊन बघितलं. मग पुढे झाले, नखाने तो अलगद काढला आणि परत खिशात टाकला.

"नको," म्हणाले. "तिच्यावर आधीच बरंच लादलं मी."

काकांचा हात थरथरत होता, म्हणून विमान माझ्या हातात दिलं. "तू सोड. सरळ सोड, वर नको." मला माहीत होतं काय होणार. त्यांना माहीत होतं. मी धावले आणि सोडलं.

थोडा वेळ ते अगदी सरळ गेलं. ऊन काकूंच्या कागदातून आरपार आलं आणि आतल्या फासळ्या एकेक दिसल्या. काका बघत होते. मी विमानाकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त बघितलं, त्यामुळे उजवा पंख नेमका कधी खाली गेला ते मला सांगता येणार नाही. विमान वळलं, आणखी वळलं, आणि पत्र्यावर आपटलं. लच्छूशेठ या वयात पळत गेला. उजव्या पंखाचा चुरा झाला होता. धड मधून मोडलं होतं. डाव्या पंखाला साधी चीरही नव्हती. काकांनी तो तळहातावर घेतला, डोळे मिटले, मान कलती केली. आम्ही वाट बघत राहिलो. त्यांनी वजन सांगितलं नाही. "चला," म्हणाले, "ऊन वाढतंय."

त्यानंतर त्यांनी लाकडाला हात लावला नाही. मी रविवारी जायचे, चहा व्हायचा. माझ्या हातातली भाजीची पिशवी ते बघायचे, मागायचे नाहीत. हे मला फार लागायचं. दिवाळीच्या आधी एका दुपारी ते झोपेतच गेले. खांदा देऊन आलेले बिल्डिंगमधले लोक म्हणत होते, काका अगदी हलके झाले होते हो, ओझं म्हणून जाणवलं नाही. ही दाद त्यांना आवडली असती, असं माझ्या मनात आलं आणि मग मला रडू आवरेना. पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांच्या मुलीने मला डावा पंख आणून दिला. "आमच्याकडे मोडेल," म्हणाली.

परवा लच्छूशेठचा फोन आला. "मॅडम, माल आ गया. असली." मी गेले. त्याने गठ्ठा सोडून फळ्या मांडल्या आणि स्वतः बाजूला झाला. मी एकेक तळहातावर घेतली. डोळे आपोआप मिटले, मानही कलली असणार, कारण लच्छूशेठ तोंड फिरवून पतंगाच्या गठ्ठ्याशी खुडबुड करायला लागला. तळाकडची एक फळी घेतली आणि हात रिकामाच राहिला. तीच ती. काकूंच्या पंखाच्या जोडीची.

मी ती घरी आणली. कापायला घेतलेली नाही. माझा हात तेवढा तयार नाही, असं मी लोकांना सांगते. खरं म्हणजे उजवा पंख काकांनी करायचा होता. माझ्या भिंतीवर आता काकूंचा डावा पंख आहे आणि त्याच्या उजव्या बाजूला ती फळी उभी केलेली आहे. जोडी बरोबर लागली आहे. मी तोलून बघितली आहे.