अनुबियासचा कंद

"काचेवर ठोकू नको. तुझ्या कपाळावर कुणी ठोकलं तर चालंल का?"

वसमतच्या आमच्या शाळेतले प्रयोगशाळेचे मामा हे वाक्य पोरांना दिवसातून चारदा ऐकवायचे. शाळेतल्या शिपायाला मामा म्हणतात हे तुम्हाला ठाऊकच आहे, पण हे मामा भाच्यांचे लाड करणाऱ्यातले नव्हते. मी विज्ञानाची शिक्षिका, तरी हात धुतल्याशिवाय मलाही माशांच्या टाकीत बोट घालू द्यायचे नाहीत.

टाकीत चार गप्पी मासे होते, पण मामांचा जीव होता तो अनुबियासमध्ये. गडद हिरव्या, जाड पानांचं पाण्यातलं झाड. नांदेडहून त्यांनी बोटाएवढा तुकडा आणला होता. महिन्याला एखादं पान फुटायचं, आणि त्या दिवशी मामा कुणाशी तरी दोन शब्द गोड बोलायचे. नळाचं पाणी दिवसभर बादलीत ठेवून मगच टाकीत ओतायचे. पानांवरचं शेवाळ जुन्या टूथब्रशने पुसायचे. होता होता त्या तुकड्याची नऊ झाडं झाली, प्रत्येक झाड काळ्या दगडाला शिवणाच्या दोऱ्याने बांधलेलं.

"हे गाडायचं न्हाई, मॅडम. मुळ्या गेल्या खाली तर जाऊ द्या. कंद उघडा पायजे. झाकला की सडला."

मी हो हो करायचे आणि मनात हसायचे. माझं माहेर हळदवाल्यांचं, मामांनाही ते ठाऊक होतं. आमच्याकडे बेण्याचा कंद उघडा राहिला तर लावणारा शिव्या खातो.

मग शाळेची तपासणी आली. मुख्याध्यापकांनी टाकी ऑफिसच्या दारात आणवली. "हे दगडाला काय बांधून ठेवलंय? रंगीत वाळू टाका आणि नीट ओळीत लावा."

"सडंल, सर," मामा म्हणाले.

"मला कंद शिकवता? बारा एकर हळद आहे माझी."

"हळद रानात ऱ्हाते, सर. हे पाण्यात ऱ्हाते." एवढं बोलून मामा निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते भाचीच्या लग्नासाठी रजेवर होते. सरांनी काम मला सांगितलं आणि मी केलं. कात्रीने दोरे कापले, नऊच्या नऊ कंद वाळूत दाबले. सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मला फार छान वाटत होतं. तपासणीवाल्यांनी कौतुक केलं, तेही मीच घेतलं.

पंधरा दिवसांत पानं पिवळी पडली, पाण्याला वास सुटला. मामांनी वाळूत हात घालून एकेक कंद काढला. बोटांत धरला की शिळ्या भातासारखा कुस्करला जायचा. एकही वाचला नाही.

"ओळीत लावलंय," ते म्हणाले. "कोंबाचा डोळा वर करून. हळदवाल्याचा हात हाये."

सर तिथे उभे होते. मीही होते. मी पिवळी पानं बादलीत भरू लागले.

आणि मेमो कुणाला मिळाला? मामांना. देखभालीत हेळसांड म्हणून. निवृत्तीला दोन महिने राहिलेल्या माणसाला, नोकरीतला पहिला मेमो. मी विचारलं तर सर म्हणाले, "कागदावर कुणाचं तरी नाव लागतं, मॅडम. ते तर जाणारच आहेत." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण काय केलं मी? स्टाफरूममध्ये येऊन आदळआपट केली आणि सरांसमोर शेपूट घातलं. आजही त्या माणसाचा राग येतो, आणि त्याहून जास्त माझा.

मामांनी उत्तरात एकच ओळ लिहिली, 'त्या दिवशी मी रजेवर होतो.' माझं नाव कुठे नव्हतं. मेमो काही रद्द झाला नाही.

निरोपाच्या दिवशी शाल-नारळ न घेताच ते निघाले. मी धावत बसस्टँड गाठलं. ते बसमध्ये खिडकीशी बसले होते.

"मामा, ते मी गाडलं होतं. माझं चुकलं."

"मला त्याच दिशी कळलं व्हतं. सर कवा वाळूत हात घालतेत? दोन महिने वाट पाहून राहिलो, आज सांगताल, उद्या सांगताल. आता काहून सांगून राहिल्या? सर्व्हिस बुकात डाग घेऊन चाललो मी."

"मामा, खरंच चूक झाली."

"गाडलं ती चूक व्हती, मॅडम. गप ऱ्हायल्या, ती चूक न्हाई, ते जाणूनबुजून केलं."

बस सुटायला अजून वेळ होता. मामा उठले, पिशवी उचलली आणि पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसले.